मास्तरांचा आवाज पुसू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, एका वर्तमानपत्राच्या डिजिटल विभागातून निवृत्त झालेली व्हिडिओ संपादक, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणीतरी असावे लागते.

माझे पती, चित्रकलेचे मास्तर, तीन वर्षांपूर्वी वारले. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट माझ्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला मिळावा. तो अधूनमधून फोन करतो, "मावशी, बरी आहेस ना?" असे विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत त्याला दुसरा फोन येतो. तरी विचारणारा तो एकटाच उरला आहे. घराला एक अट आहे, ती शेवटी लिहिली आहे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मास्तरांच्या शाळेला रंग आणि कागद घ्यायला द्यावे. जाड कागद घ्यावा. पातळ कागदावरून मास्तरांची मुख्याध्यापकांशी कायम जुंपायची.

कलम ३. कॅमेरा, तिपाई आणि माइक ऑफिसात माझ्या खुर्चीवर आता बसणाऱ्या मुलीला द्यावेत. माइकची केसाळ टोपी धुऊ नये, आटते.

कलम ४. खोके. 'रिकाम्या खोल्या' या आमच्या कामाला डिजिटल दृश्यकथेचा पत्रकारिता पुरस्कार मिळाला होता. कारखाना बंद पडला आणि कामगारांची वसाहत रिकामी करायला लावली, तेव्हाची ती गोष्ट. माणसे सामान घेऊन निघाली की मी त्यांच्या उघड्याबोडक्या खोलीत कॅमेरा लावत असे आणि दारातच त्यांना बोलते करत असे. वाचकाने पडद्यावर भिंतीतल्या खिळ्यावर बोट ठेवले की तिथे काय टांगलेले होते ते त्या घरचे माणूस सांगे. कल्पना माझी, चित्रण माझे, जुळवणी माझी. समारंभात निवेदिकेने सगळ्यांना वर बोलावले, तर आमचे संपादकसाहेब वळून मला म्हणाले, "तुम्ही बसा हो, उगाच वर गर्दी नको." ट्रॉफी त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर त्यांच्या घरी. तिचे मखमली अस्तराचे खोके मात्र गडबडीत माझ्या पिशवीत आले. मी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते. ते खोके चिमट्यांसह साहेबांना पोचवावे. माझा राग गेलेला नाही. तो कोणाच्या नावे करावा हे न सुचल्यामुळे सोबत नेत आहे.

कलम ५. हार्ड डिस्क. ते काम आता कुठेही दिसत नाही. वर्तमानपत्राने संकेतस्थळ नवे केले, त्यात जुनी पाने गेली. पत्ता टाकला की 'हे पान सापडले नाही' एवढेच येते. पुरस्कार आहे, काम नाही. त्याची एकमेव प्रत, मूळ ध्वनिमुद्रणासह, माझ्या कपाटातल्या काळ्या डिस्कवर आहे.

आमच्या कामात एक रीत आहे. मुलाखत संपली की सगळ्यांनी गप्प राहायचे आणि नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा: पंखा, गळका नळ, लांबचा रस्ता. पुढे बोलणे कापून जोडताना मधल्या फटी याच आवाजाने भरतात. सुटीच्या दिवशी मास्तर माझी तिपाई उचलायला येत. त्यांना सगळे जमायचे, गप्प बसणे सोडून. प्रत्येक खोलीत, अगदी शेवटी, कुजबुजत विचारायचे, "झालं का गं?"

"अहो, आता मेलं परत घ्यावं लागणार!"

"मग घे की. मी कुठे पळून चाललोय?"

शेवटच्या प्रतीत मी त्यांना खोलीखोलीतून कापून काढले. परीक्षकांनी त्या शांततेचे फार कौतुक केले.

मी आयुष्यभर लोकांना टिपत राहिले. मास्तर नेहमी कॅमेऱ्यामागे, म्हणून त्यांचा एकही व्हिडिओ नाही. आवाज आहे तो एवढाच. संध्याकाळी हेडफोन लावून मी एकेक खोली ऐकते. पंखा, नळ, रस्ता, आणि मग ते विचारतात. मला फार एकटे वाटते. वकीलबाई म्हणाल्या, "हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "राहू द्या. दुसरीकडे कुठे बसवू?"

पुरस्कार देणारी संस्था आता गाजलेल्या कामांचा संग्रह करते आहे. त्यांना माझ्या कामाची प्रत हवी आहे आणि मूळ ध्वनीही, पण 'स्वच्छ करून'. भाचा म्हणाला, "मावशी, काकांचा आवाज एका झटक्यात साफ करतो. तुला कळणारही नाही." मला कळेल. मी मेल्यावरही कळेल असे धरून चालावे. म्हणून स्पष्ट लिहिते: मूळ मुद्रण जसेच्या तसे द्यावे. मास्तरांचा आवाज कोणीही, कोणत्याही कारणाने पुसू नये. संस्थेला हे मान्य नसेल तर काहीच देऊ नये. डिस्क भाच्याकडे राहावी.

कलम ६. घराची अट. भाच्याने घर विकावे किंवा भाड्याने द्यावे, माझी हरकत नाही. पण सगळे सामान निघाल्यावर, किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, त्या मुलीकडून माइक उसना आणून बैठकीच्या खोलीचा आवाज घ्यावा. स्वतःचा फोन बंद ठेवावा. शेवटी हळूच "झालं का गं?" असे विचारावे. ते मुद्रण त्याच डिस्कवर, इतर खोल्यांच्या शेजारी ठेवावे.

सहीबाबत खुलासा. वरील मजकूर मोठ्याने वाचून मी पेन उचलले, तेव्हा दोन्ही साक्षीदार अगदी गप्प बसले होते. पंखा तेवढा चालू होता. त्यांतल्या औषधवाल्या बाईंना दुकान उघडायला जायचे होते, म्हणून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "झालं का, काकू?" त्यामुळे माझी सही हलली आहे. ती माझीच आहे, कोणी शंका घेऊ नये.

ठिकाण: राहत्या घरातील बैठकीची खोली
दिनांक: १९ फेब्रुवारी, सकाळ

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. खालच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
२. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमन (सही)