चक्की कुठं बसवावी

चि. इंद्रभान यास,

जानेफळहून ताईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. खामगावात तुम्ही दोघं खुशाल असाल. पायलची कंबर आता कशी आहे? (तिला पाण्याची कॅन उचलू देऊ नको. तूच उचल.)

आमच्या बचत गटाला पिठाची चक्की मिळाली, हे तुला फोनवर बोललेच होते. पण ती बसवायची कुठं, यावरून गट फुटायची वेळ आली. आमची सचिव महामाया म्हणाली, गावाचा मध्य काढू, म्हणजे सगळ्यांना सारखंच चालावं लागेल. मोबाइलच्या नकाशावर मध्य काढला, तर तो निघाला उकंडरावांच्या गोठ्यात! माणूस भला, जागा द्यायलाही तयार, पण म्हणाले, "बाई, आवाजानं म्हैस पान्हा चोरते. तिले कोण समजावंन?"

मग मला राहवेना. खरंच कोणाला काय पाहिजे, हे विचारत घरोघर निघाले. मनकर्णाबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना चक्की उंबऱ्याला लागून पाहिजे. आशाबाईंना अंतराचं काहीच नाही. आपल्याच गव्हाचं पीठ घरी येतं की नाही, हे बसून पाहायला फक्त सावली पाहिजे (बाईचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही, ते सोड). आणि मनकर्णाबाईंच्या शेजारची नवी सून काजल, तिनं तर मला दाराआड ओढलं. "मावशी, जमंल तितकी दूर बसवा."

मी म्हटलं, "काऊन वं?"

"दळणाले निघालं की कोणी काई विचारत नाई. तेवढ्या वाटेनं मायसंग फोनवर बोलून होते."

इंद्रभान, इतकी वर्षं मी दळणाला नुसतं ओझंच समजत होते रे.

तर ठरलं असं: चक्की पार स्टँडजवळ, कडुनिंबाच्या सावलीत. मनकर्णाबाईंचं दळण काजल नेणार, म्हणजे तिला एकाच्या दोन चकरा. सासूही खुश, शेजारणीच्या मदतीला जाते म्हणून. म्हैस पान्हा सोडते. गटातून एकही बाई फुटली नाही.

तुझी,
पंचफुला ताई

ता.क. – स्टँडजवळचा कडुनिंब म्हणजे तुझ्या रिकाम्या जागेतला. टिनाचं शेडही तुझंच. तुझी हरकत असेल तर मोकळेपणानं कळव, आम्ही जरूर विचार करू.

ता.क. दुसरा – विचार झाला. मशीन काल सिमेंटात बसवली. तुझ्या कुलपाला कोणी हात लावला नाही, कडीच उपटली. रविवारी उद्घाटन तुझ्याच हातून आहे. पायलला घेऊन ये, आणि येताना एक मजबूत कडी आण.