भाकरतुकडा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्याशी भांडायचं आहे. मध्ये बोलू नकोस.

इंदूरचं सासर मी सोडलं. घटस्फोट झाला, मुलगी माझ्याकडे आली आणि दर रविवारी तिने बापाकडे जायचं असं कोर्टाने ठरवलं. मग मला पुण्यात नोकरी लागली. दर रविवारी पोर इंदूरला कशी जाणार? भेटीच्या वेळा बदलून द्या, असा मी अर्ज केला. समोरचा वकील म्हणाला, "या बाईंना मुलीला बापापासून तोडायचंय." मी म्हणाले, "तोडायचं असतं तर अर्ज कशाला केला असता? रविवार जातोय, त्याच्या बदल्यात निम्मी दिवाळी आणि निम्मा मे महिना बापाचा." पोर हातची जाईल अशी भीती होती, पण मागे हटले नाही. शेवटी तसंच ठरलं. तू म्हणाली असतीस, "कोर्टात उभं राहायची हौस फार!" होय, होती.

तुझा नारायण पेठेतला उंबरा मी विसरलेले नाही. दादा नुसता कॉलेजच्या सहलीहून आला तरी तू त्याला दारात थांबवून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचीस, दृष्ट लागू नये म्हणून. घटस्फोटाच्या कितीतरी आधी एकदा मी इंदूरहून बॅग घेऊन एकटी आले, तेव्हा तू स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नाहीस.

"जावई कुठायत?"

"नाही आले."

"मग तूही आली नाहीस असं समजते. जेव, आणि संध्याकाळच्या बसने परत जा."

डब्यात लसणाची चटणी मात्र भरून दिलीस. वाटेत फेकणार होते. चांगली झाली होती, म्हणून खाल्ली.

आता मी पुण्यातच, मांजरी भागात तिसऱ्या मजल्यावर राहते. निम्मी दिवाळी तिकडे काढून परवा पोर परतली. तिचा बाबाच सोडायला आला होता. तिला दाराबाहेर थांबवलं. भाकरी नव्हती, पोळीचा तुकडा ओवाळला आणि गॅलरीतून खाली टाकला. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "अहो, आपली दृष्ट आमच्या गाडीवर आली!" येऊ दे. पोर म्हणाली, "इंदूरची आजीपण मी पोचले की असंच करते. मग माझं घर कुठलं?" मी म्हणाले, "दोन्ही." तिच्या बाबाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाणी पिऊन गेला.

ऐकलंस? तुझ्या लेकीला त्या दिवशी एकही दार नव्हतं. माझ्या लेकीला दोन आहेत, दोन राज्यांत, आणि दोन्ही मी भांडून उघडी ठेवली आहेत. तुला न विचारता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. तू त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्यास. एक मात्र सांगते. पोर आत पळाली तेव्हा ताटलीत अजून एक तुकडा होता. जिन्यात कोणी नाही असं बघून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि तो स्वतःवरूनच ओवाळला. ओवाळताना डोळे मिटून घेतले होते, हात तुझा वाटावा म्हणून.