बांगड्याचं आतडं आणि दोन क्रेडिट

वेसावे कोळीवाडा,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप कल्पिता मावशे,

दिपालीचा दंडवत. (शाळेत शिकवलं होतं की आईबापाला तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. शाळेतलं नेमकं एवढंच डोक्यात राहिलंय.) तुझी कंबर कशी आहे? चारकोपच्या मार्केटात ओट्यावर बसताना खाली गोणपाट घेतेस की अजून गार लादीवरच बसतेस? तुझा मोबाईल बर्फाच्या पेटीत बुडाल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे लहूच्या टेम्पोतून चिठ्ठी धाडायची, एवढाच मार्ग उरलाय. तो ही पापलेटच्या पेटीवर ठेवून आणणार, तेव्हा कागदाला वास आला तर माझ्यावर खापर फोडू नकोस. इकडे बापूस बरा आहे, आई बरी आहे, मांजरसुद्धा बरी आहे. मी तेवढी दमलेय.

कशाने, तर एका विषयाने. आम्हा कॉमर्सवाल्यांना हल्ली दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो. त्याचे दोन क्रेडिट असतात. ते नाही मिळाले तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि बापूस म्हणतो की पुन्हा बसायचंच असेल तर वर्गात कशाला, मावशीशेजारी ओट्यावर बस. विषय सक्तीचा, पण निवडायचा मात्र आनंदाने, असं प्राचार्यांनी आम्हाला हॉलमध्ये पाऊण तास उभं करून सांगितलं. मग यादी आली. तू मासळीचा वाटा लावतेस ना, वर दोन झकास मोठी आणि खाली सगळी बारीक, तशी यादी. वर फोटोग्राफी, सिनेमाचं रसग्रहण, नाटक. खाली सांडपाण्याचं व्यवस्थापन आणि कार्यालयीन पत्रव्यवहार. सकाळी दहाला पोर्टल उघडलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी फोटोग्राफी भरली. सिनेमावर बोट ठेवलं तर पान नुसतं गोल गोल फिरत बसलं. तेवढ्यात तळाशी दिसलं, मत्स्यविज्ञान परिचय, साठपैकी बावन्न जागा शिल्लक. मावशे, मी कोळ्याची पोर. म्हटलं, हे तर घरचंच, वर्गात घोरले तरी पास. (कोळीवाड्यातल्या आणखी तिघांनी त्याच मिनिटाला हाच विचार केला होता. आम्ही चौघं मागच्या बाकावर पाय पसरून बसतो.)

पहिल्या बाकावर धवल नावाचा मुलगा बसतो. घाटकोपरचा, त्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्याला योग हवा होता, पोर्टलने मासे दिले. बिचारा पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून आला. मला त्याची दया आली. मी मोठ्या मनाने सांगितलं की घाबरू नकोस रे, काही अडलं तर मला विचार. पहिली चाचणी वीस गुणांची होती. त्याला अठरा पडले, मला पाच. ताजा मासा कसा ओळखाल, असा प्रश्न होता. त्याने पाच मुद्दे लिहिले, कल्ल्यांच्या रंगापासून डोळ्यांच्या फुगीरपणापर्यंत. मी लिहिलं, हाताला कळतं. यात खोटं काय आहे, तूच सांग. संघमित्रा मॅडमनी (त्याच शिकवतात, चांगल्या आहेत, पण डोळ्यांत बघून बोलतात) त्याखाली लाल शाईने लिहिलं, कसं कळतं? दोन दिवस विचार केला. मला सांगता येईना गं. इतकी वर्षं ज्यात वाढले, त्याची चार वाक्यं जुळेनात.

मग प्रात्यक्षिक आलं आणि माझी वाट लागली. ट्रेमध्ये प्रत्येकाला एकेक बांगडा दिला. मॅडमनी सांगितलं की पोट उघडून आतली रचना मांडा. खरं तर उघडून या शब्दापुढचं मी ऐकलंच नाही. एक तर बांगडा परवाचा होता, त्याच्यामुळे माझं डोकं फिरलेलं. हातात सुरी आली आणि पुढे जे झालं ते माझ्या हाताने केलं, मी नाही. डोकं वेगळं केलं, पर छाटले, आतडं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, नळाखाली स्वच्छ धुतला, आणि मसाला भरायला दोन्ही अंगांना तीन तीन चिरा पाडल्या. अंड्यांची गाभोळी निघाली ती तेवढी वहीच्या कागदात बांधून ठेवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मान वर केली तर धवल चिमट्याने काळीज उचलून, टाचणी टोचून, बाजूला नावाची चिठ्ठी लावत होता. मॅडम माझ्या ट्रेपाशी थांबल्या. आतडं कुठे आहे, म्हणाल्या. म्हटलं, फेकलं. सगळंच? म्हटलं, ते कोण खातं? अख्खा वर्ग हसला, मागचा बाकसुद्धा. त्या मागच्या बाकावरच्या तिघांचेही बांगडे माझ्यासारखेच साफ झालेले होते, पण ते ट्रे झाकून बसले होते.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या चिरा बघितल्या, कशा सारख्या अंतरावर आणि काट्यापर्यंतच. मग विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. असंच, बघून बघून."

हे मी का म्हटलं, ते खाली लिहिते. प्रात्यक्षिकात शून्य पडलं, म्हणजे क्रेडिट जवळजवळ गेलेच. रोज संध्याकाळी धवल माझ्याकडून कल्ल्यांचे भाग पाठ करून घेतो. रुमाल त्याने कधीच सोडला, आता तो माझ्या उत्तरांनीच कपाळाला हात लावतो. मी खरंच दमलेय मावशे. झोपेतसुद्धा बांगडा येतो आणि विचारतो, माझं आतडं कुठाय.

काकांना नमस्कार सांग. कमरेला तेल लाव.

तुझी,
दिपाली

ता.क. मॅडमनी एक वाट ठेवलीय. ज्याच्या हाताला हे काम येतं अशा माणसाला वर्गात आणून त्याच्याकडून शिकवून घेतलं, तर शून्य पुसून नवे गुण देतील. गुरुवारी अकरा वाजता ये. गुरुवारी तुझा धंदा तसाही मंदाच असतो. कोयता आणि बांगडे तुझे आण, इथले बघवत नाहीत. तुझं नाव मी कालच फळ्यावर लिहून आले, म्हणजे आता तुला नाही म्हणता येणार नाही. आणि ताजा मासा हाताला कसा कळतो, ते तू सांगच. मलापण ऐकायचंय.

ता.क. दुसरा. गेल्या वर्षी तू मासळीची पाटी घेऊन कॉलेजच्या गेटवर मला डबा द्यायला आली होतीस. मैत्रिणीने विचारलं कोण, तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे मासे देतात त्या. तू ऐकलंस. डबा देऊन रिक्षा पकडलीस आणि पुन्हा कधी गेटवर आली नाहीस. तेव्हा मला तुझी लाज वाटली होती, आणि परवा मॅडमनी कोणी शिकवलं विचारलं तेव्हाही, शिकवणारी तूच असून, मी तुझं नाव त्याच लाजेने घेतलं नाही. आता माझी वाटते. पाहुण्यांच्या फॉर्मवर विद्यार्थ्याशी नातं असा रकाना आहे. तो मी पेनाने भरलाय, सख्खी मावशी. वॉचमनलाही सांगून ठेवलंय. चांगलं लुगडं नेसून नको येऊस, पाटी घेऊन ये, मी गेटवरच उभी आहे.