ड्रायव्हर दोन

३ जून
लग्न होऊन बायकोच्या घरी राहायला आलो. भाड्याची खोली सुटली. आता दोन हवेशीर खोल्या, अंगण, आणि अंगणात उभा सहाचाकी ट्रक. नशीब उघडलं म्हणायचं. ट्रक तिच्या पहिल्या नवऱ्याचा. तो गेल्या वर्षी तापाने वारला. मेहुण्याने माझ्या मोबाइलमध्ये ट्रकचं ॲप टाकून दिलं. सीट किती मागे, आरसे कसे, केबिनमधला दिवा कुठल्या रंगाचा, वेग कितीवर अडवायचा, सगळं बोटाच्या टोकावर. ॲपमध्ये 'ड्रायव्हर एक' आधीच होता. मी 'ड्रायव्हर दोन'. मेहुणा म्हणाला, यंत्र खोटं बोलत नाही हो दाजी. मीही हसलो.

७ जून
काल सीट मागे घेतली, दिवा पांढरा केला. आज सकाळी सीट पुढे, दिवा निळा. पहिला बुटका होता म्हणे. मेहुणा म्हणतो, जुनं सेटिंग कधी कधी परत येतं. बायको म्हणाली, निळाच बरा दिसतो. मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा? पण करतोय.

१२ जून
दुपारी जेवून आडवा झालो होतो. ॲपने कळवलं, ड्रायव्हरची सीट भरली, शेजारचीही. बायको घरात नव्हती. चोरपावलांनी अंगणात गेलो. ती एकटीच शेजारच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या बाजूला तोंड करून हसत होती. माझ्याकडे बघून अशी कधी हसली नाही. मला पाहताच उतरली. ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला. गरम होती.

१३ जून
'ड्रायव्हर एक' पुसून टाकला. ॲपने विचारलं, नक्की? नक्की. आज छान झोप लागेल.

१४ जून
जेवताना बायको म्हणाली, "त्याला तिथे जागा होती म्हणून तो तिथे होता. आता बसणार कुठे तो?" मी म्हटलं, मेलेली माणसं बसत नसतात. ती माझ्या खांद्यांकडे बघत राहिली, कपडा बेतायला घेतल्यासारखी.

१६ जून
मान आखडलीय. पाय लांब करवत नाहीत. गाडी चालवताना सीट मीच पुढे घेतली. दिवाही मीच निळा — बोट माझंच होतं, पण मी नाही —

१७ जून
मला ती अहो म्हणते. आज अरे म्हणाली. जवळ बसून केसांतून हात फिरवला. आरशात दिसत होतं सगळं. मला काहीच जाणवलं नाही. केस माझे, आणि सुख त्याला — जळतोय मी.

१८ जून
दारात उभी आहे. विचारतेय, चहा ठेवू का रे. नाही म्हणायचं होतं. माझ्या तोंडून हो आलं, माझा नसलेला आवाज — ती हसली. तसंच, ट्रकमध्ये हसली होती तसं. तिला सांगायला हवं, मी अजून आत आहे, मी अजून —
हात सोड. माझा हात —