सुंदररावांच्या दुकानातला करंट

३ फेब्रुवारी
आज केजला कामाचा पहिला दिवस! दिंद्रुडहून आणलेली आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी सुंदररावांनीही मागून खाल्ली. दुरुस्तीचं दुकान छोटं, पण कापसाच्या जिनिंगवाल्यांचे, वजनकाट्यांचे जुने फुगीर मॉनिटर छतापर्यंत रचलेले. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट दडून बसतो. रबरी टोपीखालचा तो करंट आधी अर्थिंगच्या तारेनं उतरवायचा, मगच हात घालायचा, असं त्यांनी शिकवलं. आयटीआयत आम्हाला हे कुणी उघडूसुद्धा दिलं नव्हतं. लई खूश आहे मी.

९ फेब्रुवारी
आज करंट लागला. ट्यूबचा करंट उतरवलाय, बिनधास्त हात घाल, असं सुंदररावच म्हणाले होते. मी मागच्या फळीवर आदळले. जीभ दातांत सापडून फाटली. ते जागचे हलले नाहीत. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "शिवकन्ये, आता तू खरी कारागीर हुशील."

१२ फेब्रुवारी
माझ्याआधी इथं कामाला असलेला सटवा आला. त्याची बोटं काळी, वाकडी झालेली. सुंदरराव मुद्दाम ट्यूबमध्ये करंट भरून ठेवतात आणि माणूस तडफडताना बघतात, असं त्यानं सांगितलं. "ताई, आजच्या आज निघ इथून. ह्यो मानूस बरा न्हाई."
तेवढ्यात सुंदरराव चहा घेऊन आले. हसले. चालू मॉनिटरची तार ओढून त्यांनी सटवाच्या कानाला लावली. कातडी जळाल्याचा वास. तो कोसळला, तर ट्यूब उचलून त्याच्या पाठीत घातली. बार उडावा तशी काच फुटली. रक्तानं माखलेला सटवा कसाबसा रस्त्यावर पळाला. मीही धावले, पण माझ्यासमोर त्यांनी शटर खाली ओढलं.

त्याच दुपारी
त्यांनी मला मागच्या खोलीत कोंडलंय. लोखंडी दार, कडी बाहेरून. पिशवी जवळ आहे, त्यातच ही वही; फोन त्यांच्याकडे. तळहातात काच रुतलीय. बाहेर ते एकेक मॉनिटर चालू करतायत. म्हणतात, सगळ्यांची चव देतो तुला —

दाराशी त्यांचा श्वास. इथला विजेचा बोर्ड उचकटला. फेजची तार ओढून दाराला गुंडाळली. बटण चालू. आता ये. लाव हात —

येत नाहीत. का येत नाहीत —

शटर वर गेलं. आरडाओरडा. मारामारी. कुणीतरी जोरात आपटलं.

सटवा! सटवाचा आवाज — "ताई, पोरं घिऊन आलोय. धरला त्याला. भिऊ नको, कडी काढतो —"

तार! सटवा, दाराला हात नको ला