हौसाच्या दातातली फट

ता. ९ जानेवारी १९४६
नगरचे पाहुणे येऊन गेले. हौसा पसंत. रंग पसंत, उंची पसंत, भाकरी थापून दाखवली तीबी पसंत. अन् उंबऱ्यात चपला घालता घालता नवऱ्या पोराची आई शिरपतीला म्हनती, "बाकी काय न्हाई हो, तेवढी म्होरच्या दातातली फट बुजवून घ्या." जसं काय कुडाचं भगदाड हाय! अन् शिरपती, पोरीचा बाप, माझा सख्खा धाकटा भाऊ, मान हालवतोय. "व्हय व्हय, घिऊ की." मी चुलीपाशी हुते म्हनून. न्हाईतर तितंच...
फट केवढी, तर ज्वारीचा दाना आडकंल येवढी. दात दगडावानी. फुटाने फोडती पोरगी.

ता. १० जानेवारी
सकाळीच शिरपतीला धरलं. "कशानं बुजवनार? चुन्यानं?"
"आक्का, छावनीत दाताचा डाक्टर आलाय मुंबईवरनं. मडमांचे दात करतो."
"मग त्यांना म्हनावं मडमच करा सून."
म्हनं पोरगा नारायन नोकरीवाला, डेपोत कारकून. पगार महिन्याच्या महिन्याला. हौसाला उन्हात खुरपाया नको. ते खरं हाय. पन दातानं काय घोडं मारलं त्यांचं? भावजय गेली तवा हौसा चार वर्साची. मी पांढऱ्या कपाळानं माहेरी आलेली. तिचे दुधाचे दात पडले ते म्या कौलावर फेकले, हे दात आले ते म्या बघितले. आता दुसऱ्यांनी सांगायचं वाईट हायेत म्हनून.

ता. १७ जानेवारी
मोटारीनं नगरला. शिरपती, हौसा, मी. डाक्टरकडं खुर्ची हाय, वर खाली व्हती. हौसाला लई मजा वाटली.
डाक्टर म्हनला दोन रस्ते हायेत. एक, म्होरचे दोन दात चारी अंगानं घासून बारीक करायचे, वरनं चिनीमातीची टोपी बसवायची. कायमचं काम.
"घासलेला दात परत वाढंल का?"
"नाही बाई."
"पोरीला दुखतंय का काय?"
"नाही."
"मग दवाखान्यात कशाला आनली आमी?"
हसला निस्ता. वर म्हनतो, दुसरं हाय ते सोपं. पातळ चकत्या, नखावानी, भुकटीनं दातावर चिकटवायच्या. नाटक-शिनेमावाले लावत्यात. जेवताना काढून ठेवायच्या. लावलेल्या असताना गरम खायचं न्हाई, चिकट खायचं न्हाई.
शिरपतीचं तोंड उजळलं. "साखरपुड्यापुरतं भागतंय की!" म्या म्हनलं ही फसवनूक हाय. तर म्हनतो, "आक्का, लगीन झाल्यावर कोन दात मोजतंय?"
म्हंजे त्यांनी तसं सांगायचं, अन् ह्यानं असं करायचं. दोघं एका माळेचे. तोंडात लगदा घालून साचा घेतला. पोरीची लाळ पार काखंपतूर.

ता. २५ जानेवारी
चकत्या आल्या. काड्यापेटीवानी डबी, आत कापूस. हौसानं लावून दाखवल्या. सारवलेली भिंत दिसती तशे दात. सरळ, एकसारके. आपली हौसाच न्हाई ती. शिरपती म्हनतो झकास.
पोरगी आरशाम्होरनं हालंना. "बास कर," म्हनलं, "भाकरी करपली."

ता. २ फेब्रुवारी
साखरपुडा झाला. झाला का न्हाई ते देवाला ठाऊक.
साखर रेशनात, पेढे कुठनं आनायचे. विहीनबाई गुळाची ढेप घिऊन आल्या. "शकुनाला गूळच बरा," म्हनून दगडानं खडा फोडला अन् घातला हौसाच्या तोंडात. चांगला लिंबायेवढा. शिरपतीचा चेहरा असा झाला की जनू त्याच्याच घशात आडकला. हौसा गालात धरून बसली. विहीनबाई म्हनत्यात, "चाव की गं, लाजती किती! मी परकी हाय व्हय?" मग काय करंल पोरगी. चावला.
उरलेला खडा भाईर काढला तवा त्याला दोनी चकत्या. चिकटून बसलेल्या, लाडवातल्या बेदान्यावानी.
त्यांची एक म्हातारी वरडली, "पोरीचं दात पडलं गं बाई!"
मला हसू आलं. आवरंना. पदर तोंडात कोंबला तरी.
विहीनबाई तापल्या. "आमाला फसवता?"
म्या म्हनलं, "तुमी फट बुजवा म्हनला, बुजवली. गूळ कुनी चारला?"
नारायन बुटाकडं बघत बसलेला. मला वाटलं आता तरी पोरीकडनं बोलंल. बोलला तर काय, "कायमचं करून घ्या मामा, मग आपली ना नाही." आपली ना नाही! जसं काय बैल घेतोय. विहीनबाईंनी उठता उठता सांगितलं, शिमग्याच्या आत करा, न्हाईतर तुमाला दुसरं घर मोकळं.

ता. ४ फेब्रुवारी
गावात एकच चर्चा. पानवठ्यावर बाया इचारत्यात, "काय आक्का, गुळात काय निघालं म्हनं?" "तुझ्या सासूचं डोकं," म्हनले एकीला. घागर उचलून चालती झाली.
शिरपती जेवला न्हाई. म्या म्हनलं मोडू दे. तर माझ्यावरच. "तुझं काय जातंय मोडायला? माझ्या मागं तिला कोन बघनार, तू?" का न्हाई बघनार? आत्तापतूर कुनी बघितलं? एवढं बोलून मीबी न जेवता.

ता. ७ फेब्रुवारी
हौसा कनसं चोळीत हुती. म्या सांगितलं, "भिऊ नगं. तुझ्या दाताला कुनी हात लावनार न्हाई. म्या बापाला ठनकावलंय."
ती खालीच बघून. "आत्या, मला इचारलं का कुनी?"
"काय इचारायचं?"
"मला आवडले हुते ते दात."
घ्या!
"हसताना मी पदर धरती. तू बघितलं न्हाई कधी?"
पदर धरती ते बघितलंय. लाजती म्हनून धरती, असं मी... म्हनलं, "धडधाकट दात घासून टाकायचे? लोकाच्या सांगन्यावरनं?"
"तू न्हाई का दातवन लावून काळे केलेस? कुनाच्या सांगन्यावरनं?"
सासूच्या. लगीन होऊन गेले तवा पयल्या म्हैन्यातच बसवलं तिनं समोर. बायकांचे दात काळेच चांगले म्हनायचे तवा. मी उठले, शेरडांना पाला टाकाया गेले.
काळे केले, पन घासले न्हाईत की. आजून बत्तीस शाबूत हायेत. हे तिच्याम्होर सुचलं न्हाई. शेरडांपाशी सुचलं.

ता. १२ फेब्रुवारी
आज सरळ इचारलं. "त्यो नारायन पायजे का तुला?"
"नारायनाचं मला म्हाईत न्हाई. दाताचं म्हाईत हाय."
"मग लगीन मोडलं तरी घासून घेशील?"
तिनं जात्यात मूठभर दाने टाकले. जातं वढाया लागली. त्या विहीनबाईनं आमच्या उंबऱ्यात म्हनायच्या आधी ही पोरगी कधी दाताचं बोलली हुती का? कोन सांगंल मला. आधीपासनं सलत हुतं का त्या बाईनं आत घातलं? माझा संताप होतोय तो कुनावर करू तेच कळंना. शिरपती खुश. "बघ, पोरगीच तयार हाय." म्हनलं तू बोलू नगं.

ता. १६ फेब्रुवारी
नगर. डाक्टरच्या पडवीत बाकावर बसून लिवतेय, शिसपेन्शिलीनं.
शिरपती येनार हुता, म्या येऊ दिला न्हाई. डाक्टरनं हौसाला खुर्चीत बसवलं. बाजूला पायानं चालवायचं चाक, शिंप्याकडं असतं तसं, त्याला दोरी, दोरीला सुई. दात घासायचं म्हनं ते. म्या म्हनलं थांबा. हौसाला म्हनलं, "नारायन इथं न्हाई, बाप न्हाई, ती बाईबी न्हाई. आता सांग."
तिनं माझ्याकडं बघितलं, मग चाकाकडं. म्हनली, "आत्या, तू हायेस की. तू जरा भाईर बस."
बसले. मला भाईर! डाक्टरनं दार लावून घेतलं. आत दोघं बोलत्यात, काय ते कळत न्हाई. हौसाच जास्ती बोलतीया.
चाकाचा आवाज आजून न्हाई.