जुळ्या मेंढ्यांचं रक्त

१२ नोव्हेंबर, सातारा

फुटलं! चंद्रीच्या रक्तद्रवात तांबडीच्या पेशी घातल्या, त्या फुटल्या आणि नळी लालभडक. म्हणजे तांबडीची किडनी चंद्रीला बसवता येणार नाही. अरे पण जुळ्या बहिणी म्हणून तर ह्या दोन मेंढ्या प्रयोगाला घेतल्या ना? अनीश सर नळी उजेडात धरून म्हणाले, "सगळ्या भावंडांचं जुळतंच असं नाही. पण इतकं? मयूरी, पुन्हा कर."

१३ नोव्हेंबर

पुन्हा केलं. पुन्हा तेच. डोकं चालेना.

१६ नोव्हेंबर, सांगली

घरी आले. ऋषीदादा डायलिसिसवरून आला होता. पाय सुजलेत, तरी मला विचारतो, "काय डॉक्टरीणबाई, मेंढीची किडनी आणली का पिशवीतनं?" हसले, आणि मोरीत जाऊन रडले.

त्याचा गट ओ. माझा ओ. आईचाही ओ. किडनी मीच देणार, माझं ठरलंय. पण आई ऐकेचना! "तू नको गं. मी देते." का? माझी किडनी काय नासकी आहे? कडाकडा भांडले. शेवटी दोघींनीही तपासणीला रक्त दिलं.

मग आई ट्रंकेतलं माझं पिवळं झबलं मांडीवर घेऊन बसली. मला पहिल्यांदा ह्यातच घेतलं म्हणते. आजच का काढलं, कुणास ठाऊक! विचारलं तर म्हणे, "असंच."

१९ नोव्हेंबर, सातारा

मेंढ्या दहिवडीकडच्या येसूबाईंनी दिलेल्या. आज त्यांना फोन लावला. चिडलेलीच होते — म्हटलं, जुळ्या म्हणून कुठल्याही दोन गळ्यात मारल्यात का?

"आवं बाई, खोटं कशाला बोलू? भनीच हायत त्या! जुळ्यातलं एक कोकरू मेलं. दुसरीकडं एक पोरकं वरडत हुतं. मेलेल्याचं कातडं काढून त्येच्या अंगावर घातलं. मेंढीनं हुंगलं, पाजलं. मग भनी न्हाई तर कोण?"

बाई खोटं बोलली नाही, आणि नळीही खोटी नाही. मग राग काढू कुणावर? माझा सहा महिन्यांचा प्रयोग बोंबलला आणि त्या दोघी गोठ्यात एकमेकींना चिकटून खुशाल रवंथ करतायत. सरांना काय सांगू?

२६ नोव्हेंबर, सांगली

जुळलं!! दादाच्या रक्तद्रवात माझी एकही पेशी मेली नाही. माझी किडनी त्याला चालणार! दादा माझा हात धरून बसला. आईला साखर आहे, म्हणून ती बाद.

पण मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, रक्तगट सोडा, पेशींवरच्या खुणांचं बघितलं तर पोटच्या लेकराचं आईशी निम्मं तरी जुळतंच. दादाचं जुळतंय. तुमचं काहीच नाही. नमुने बदलले असतील, पुन्हा घेऊ.

बदलले असतील. बदललेच असणार! पुन्हा रक्त दिलं. आई माझ्याकडे बघेना.

२९ नोव्हेंबर

पुन्हा तेच.

दादाला किडनी मीच देणार. आईला एवढंच विचारलं — ते पिवळं झबलं माझ्याआधी कुणाच्या अंगावर होतं?